सुटं घेतलं की महाग पडतं : पूर्व भागातल्या एका घराची वही

शिलाई_पूर्वभाग
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण शाळा मराठीतून झाली, म्हणून लिहायला मराठीच जमतं. सोलापूरच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आमचे हे टॉवेलच्या मागावर आहेत, बारा तासांची पाळी, पगार आठवड्याला. अत्तम्मा, म्हणजे सासूबाई, विड्या वळतात. मी घरीच शाळेच्या गणवेशाची शिलाई करते, नगावर. थोरली बारावीला, धाकटा सातवीला. पाच माणसं, त्यात तीन कमावती. तरी महिन्याचा शेवटचा आठवडा उसनवारीवरच जातो.

दिवाळीचा बोनस आला तसा गेला. घरात बोलणं सुरू झालं, खर्च कुठं जास्त होतोय म्हणून. माझ्याकडे गुढीपाडव्यापासूनची वही आहे, थोरलीच्या जुन्या वहीची मागची पानं. परवा रात्री सगळे झोपल्यावर ती घेऊन बसले. वाटलं होतं कुठंतरी उधळपट्टी सापडेल. सापडलं ते वेगळंच.

तेलाची पुडी हातात घेऊन उजेडाला धरली. मी आजवर तिला एक लिटरची समजत होते, तशीच दिसते, तशीच हातात बसते. खाली बारीक अक्षरात ८५० ग्रॅम. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पुडी १४५ रुपयांना घेतली होती. थोरलीनं हिशेब करून दिला, किलोला १७० च्या वर पडलं. कोपऱ्यावरच्या दुकानात १५ किलोचा डबा २३४० ला आहे, म्हणजे किलोला १५६. ज्वारीचं तसंच. आम्ही चार-पाच किलो सुटी आणतो ४२ नं, आणि पोतं घेणाऱ्याला ती ३५ नं मिळते. चहापत्ती, साबण, शाम्पूची पुडी, सगळीकडे हेच.

पण आठवड्याचे तीन हजार हातात येतात, त्यातले सातशे गटाच्या कर्जाला जातात, भाड्याला बाजूला काढायचं, उसने परत करायचे. त्यातून एकदम २३४० काढायचे कुठून? हातात थोडं येतं म्हणून थोडं घ्यायचं, आणि थोडं घेतलं म्हणून जास्त द्यायचं. हे चक्र कोणी मोडलंय का? कसं मोडलं ते सांगा. बचत करा, एवढंच सांगणार असाल तर ते आम्हाला कळतं, त्यापुढचं सांगा.

---

पुण्यातला_सोलापूरकर
९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, वही ठेवता हेच मोठं आहे. माझा अनुभव सांगतो. पगार झाला की आधी दहा टक्के बाजूला काढायचे, मग खर्च. तीन महिन्यांत डब्याचे पैसे जमतात. आणि २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झालाय, साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, त्याचा फायदा वहीत दिसायला हवा. तुम्ही जुन्या दराचा माल तर घेत नाही ना?

---

शिलाई_पूर्वभाग
१० नोव्हेंबर, दुपारी २:०५

दादा, दिसला थोडा, साबणात आणि पेस्टमध्ये. पण आमच्या घरात पैसा जातो तो ज्वारी, डाळ, गोडेतेल, गॅस, भाडं आणि दवाखान्यावर. सुट्या ज्वारीवर कर नव्हताच, खायच्या तेलावर आधीपासून पाचच टक्के होता. त्यामुळे जिथं आमचा खर्च मोठा, तिथं फरक पडला नाही. विडीवरचा कर २८ वरून १८ झाला, पानावरचा १८ वरून ५ झाला. अत्तम्माचा हजार विडीचा दर होता तोच आहे, दोनशेच्या आसपास.

आणि दहा टक्के म्हणाल तर, पगार ठरलेला असला की ते जमतं. अत्तम्माला रोज हजार विड्यांची पानं मिळत नाहीत. कधी सहाशेची देतात, कधी उद्या या म्हणतात. पान फाटकं निघालं तर तेवढ्या विड्या कमी बसतात, मग हजार पुरे करायला पदरचं पान घ्यावं लागतं. माझं काम फेब्रुवारी ते जून. शाळा उघडल्या की मशीन झाकून ठेवायची. मागही वीज गेली, सूत संपलं की बंद. भाव वाढले हे सगळे बोलतात, कामाचे दिवस कमी झाले त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या वहीत दुसरं पहिल्याहून मोठं आहे.

---

पुण्यातला_सोलापूरकर
१० नोव्हेंबर, दुपारी २:३०

बरोबर आहे ताई. मी महिन्याच्या पगाराचा विचार करून लिहिलं. माझी आजीही विड्या वळायची, मला हे आठवायला हवं होतं. सूप मांडीवर घेऊन, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायची. तिची बोटं रात्री दुखायची, आम्ही नातवंडं तेल चोळून द्यायचो.

---

किराणा_जोडभावी
१० नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी जोडभावी पेठेत किराणा दुकानात बारा वर्षं काम करतोय, मालक नाही, नोकर आहे. अक्कांनी पुडीचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. ७५०, ८००, ८५० ग्रॅम, सगळ्या मापाच्या पुड्या येतात आणि गिऱ्हाईक 'लिटरची द्या' म्हणून घेऊन जातं. पुडीवर एकूण किमतीशेजारी एककाची किंमत छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा मिलीलिटरला किती पैसे. दोन पुड्या शेजारी ठेवून फक्त तो आकडा बघायचा, बाकी काही बघायची गरज नाही.

डब्यातही फसगत होते, म्हणून मुद्दाम लिहितोय. डबा १५ किलोचा की १५ लिटरचा, हे विचारूनच घ्या. १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. डबे दिसायला सारखेच. सव्वा किलोपेक्षा जास्त फरक आहे. आणि सीलबंदच घ्या, उघड्या डब्यातलं सुटं तेल घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते आम्हालाही कळत नाही.

दुसरं, चौघीजणी मिळून डबा घ्या. आमच्याकडे काही बायका घेतात. वाटून घेताना तांब्यानं मोजू नका, काट्यावर वजन करून घ्या, म्हणजे पुढं बोलणं होत नाही.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी
११ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

आम्ही शेतकरी, मंगळवेढ्याकडची काळी जमीन, मालदांडी ज्वारी करतो. ज्वारी आत्ता नोव्हेंबरात घेऊ नका, आता जुना माल आहे. रब्बीची नवीन ज्वारी फेब्रुवारी-मार्चला निघते, तेव्हा दर खाली असतो. त्यावेळी वर्षाची नाही जमली तरी चार महिन्यांची भरून ठेवा. दोन दिवस कडक ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावर भरायची. गरम भरली की घाम धरते आणि सोंडे पडतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला मधे मधे घालायचा, ओला नको.

यंदा सप्टेंबरात सीनेला पूर आला, नदीकाठच्या गावांत उभी पिकं गेली, माती वाहून गेली. आमचं रान वर आहे म्हणून वाचलं. पाहुण्यांचं सगळं गेलं. भाजी महाग झाली म्हणून शहरात त्रास झाला तो कळतो, पण त्या भावातले पैसे आमच्या हातात आले नाहीत, कारण विकायला भाजीच नव्हती. एवढं सांगावंसं वाटलं.

---

शिलाई_पूर्वभाग
११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

दादा, तुम्ही सांगितलं ते अत्तम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांच्या पाहुण्यांचं आता कसं चाललंय ते विचार. जमलं तर लिहा.

---

बँकेतली_ताई
१२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सातशे रुपये आठवड्याचा हप्ता वाचून थांबले. गटाचं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्सच असणार. मी दुसऱ्या बँकेत असते, वसुलीशी संबंध नाही, पण नियम माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ठरवून दिलंय की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स, आणि त्या घराच्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर यायचं किंवा फोन करायचा नाही. व्याज, फी, विमा सगळं एका कागदावर, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लिहून द्यायचं. तो कागद तुमच्याकडे आहे का? कर्ज कशासाठी घेतलं?

---

शिलाई_पूर्वभाग
१२ नोव्हेंबर, रात्री ११:००

शिलाईची मोठी मशीन घेतली त्यासाठी. जुन्या पायमशीनवर दिवसाला वीस शर्ट व्हायचे, हिच्यावर चाळीस होतात, म्हणून घेतली. जूनपर्यंत हप्त्याचं काही वाटलं नाही. काम थांबलं आणि हप्ता चालूच राहिला.

कागद शोधला. इंग्रजीत आहे. वसुलीचा मुलगा रात्री आठला येतो, कारण तेव्हा सगळ्या घरी असतात. तो वाईट बोलत नाही, दारात बसून राहतो. पण एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्यांना घरी जाऊ देत नाहीत, मीटिंग संपत नाही. गेल्या महिन्यात आमच्यातली एक रडायला लागली, तिच्या नवऱ्याचा हात मागात अडकला होता. आम्ही सगळ्यांनी पन्नास-पन्नास घालून तिचा हप्ता भरला. ते पन्नास माझ्या वहीत कुठल्या खात्यात लिहू, मला कळलं नाही. शेवटी 'शेजार' म्हणून लिहिलं.

---

बँकेतली_ताई
१३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

वेळेचा नियम त्या मुलाला स्पष्ट सांगा, आणि कागद मराठीत मागा, लेखी मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नवीन कर्ज काढून जुनं फेडायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि हंगाम सुरू झाला की फेब्रुवारी-मार्चला थोडं जास्तीचं भरून कर्ज लवकर संपवा. मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही.

---

कुंभारीकर
१३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आम्ही गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. विडी कामगारांची दहा हजार घरं, २००६ ला मिळाली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या आईच्या नावावर घर आहे. शेजारीच रे नगर झालंय, तीस हजार घरांची योजना, जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या दिल्या. अक्का, भाडं वाचणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. महिन्याला तीन-साडेतीन हजार वाचतात, तुमचा डबाही येतो आणि ज्वारीचं पोतंही येतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. काम सगळं शहरात. सकाळी मागावर जायचं तर जाऊन-येऊन भाडं, रात्रपाळी सुटल्यावर रिक्षा शेअर मिळत नाही. बायको गारमेंटला जायची, येण्याजाण्यातच दोन तास जायचे, शेवटी सोडलं. घर झालं आणि एक पगार गेला. तरी मी घराच्याच बाजूनं आहे. म्हातारपणी कोणी बाहेर काढणार नाही.

---

शिलाई_पूर्वभाग
१३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

अत्तम्माचं विडी कामगाराचं कार्ड आहे, त्यावेळी घरासाठी नाव लावायचं राहिलं. मामय्या, म्हणजे सासरे, आजारी होते, पैसे दवाखान्यात गेले. ती अजून बोलून दाखवते.

एक विचारायचं होतं. आमचं लाईटचं घरमालक युनिटला बारा रुपये घेतात. एकाच मीटरवर आम्ही तीन बिऱ्हाडं. दोन पंखे, तीन दिवे, एक मशीन. हे बरोबर आहे का?

---

कुंभारीकर
१३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

यातच सगळं आहे अक्का. घरगुती विजेचा पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो, शंभरच्या पुढे तो दुपटीच्या आसपास जातो. तुम्ही एकट्या असता तर साठ-सत्तर युनिटमध्ये भागलं असतं, स्वस्त दरात. तिघांचं मिळून शंभरच्या पुढे जातं, मग जादा दर तिघांच्याही डोक्यावर. म्हणजे वीज सुद्धा सुटी घेतल्यावर महाग. मालकाशी गोडीनं बोलून स्वतंत्र मीटरला संमती मागा. अर्ज, भाडेकरार, संमतीपत्र लागतं. मालक घाबरतात की मीटर नावावर झालं म्हणजे भाडेकरू हक्क सांगेल. तसं होत नाही, हे करारातच लिहून द्या.

---

गिरणीची_शिट्टी
१५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

सगळं वाचलं. मी बहात्तर वर्षांचा आहे, नातू टाईप करतोय. आमच्या तीन पिढ्या गिरणीत. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ला सुरू झाली, तिला जुनी मिल म्हणतात. माझे आजोबा तिथं, वडील आणि मी नंतर दुसऱ्या गिरणीत.

मुलीनं तेलाचा हिशेब केला, फार चांगलं केलं. पण पोरी, आम्ही हा हिशेब घरात करत नव्हतो, तो पगारपत्रकात असायचा. मूळ पगार वेगळा आणि महागाई भत्ता वेगळा. भत्ता निर्देशांकाला बांधलेला. ज्वारी, डाळ, कापड, भाडं, रॉकेल यांचे भाव सरकार दर महिन्याला टिपायचं, आकडा वर गेला की भत्ता वर. कोणाच्या पाया पडायचं नाही. त्या आकड्यासाठी संप झाले, युनियनच्या सभा व्हायच्या, आणि आम्ही निर्देशांक वाचायला शिकलो. चौथी शिकलेला माणूस गेटवर उभा राहून सांगायचा, या महिन्यात किती पॉइंट वाढले.

गिरण्या बंद झाल्या, माणसं यंत्रमागावर गेली, आणि भत्ता तिथं पोचला नाही. निर्देशांक मात्र अजून निघतो. सिमल्याचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी देशातल्या ८८ केंद्रांचा आकडा काढतं, त्यात आपलं सोलापूर आहे, २०१६ हे वर्ष शंभर धरून. म्हणजे याच शहरातल्या बाजारात भाव विचारून आकडा तयार होतो. कामगाराच्या नावानं होतो. आणि ज्याच्या नावानं होतो त्याच्या मजुरीला तो लागत नाही. किमान वेतनात विशेष भत्ता असतो, तोही त्याच आकड्यावर बदलतो, पण तुमच्याकडे किमान वेतन किती घरांत पोचतं ते तुम्हीच सांगा.

चौघींनी मिळून डबा घ्या, जरूर घ्या. त्यासोबत तुझ्या नवऱ्याला सांग, तो आकडा मागावरच्या माणसांना वाचून दाखवा.

---

शिलाई_पूर्वभाग
१५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काका, हे यांना वाचून दाखवलं. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, आमच्या बाबांच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो वेगळा रकाना होता, मी लहानपणी बघितलाय, मला वाटायचं ते काहीतरी कापून घेतात. थोरली म्हणाली, मी दर महिन्याचा आकडा शोधून देते. तिला अर्थशास्त्र आहे.

---

पुण्यातला_सोलापूरकर
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

रेशनचं काय ताई? माणशी पाच किलो धान्य फुकट आहे ना? आणि लाडकी बहीणचे दीड हजार?

---

शिलाई_पूर्वभाग
१६ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आमचं कार्ड केशरी, धान्य येत नाही. शहरात वर्षाला ५९,००० च्या आत उत्पन्न असलं तरच प्राधान्य यादीत घेतात. महिन्याला पाच हजारही होत नाहीत ते. त्या पैशात पाच माणसांचं भाडं आणि गॅस तरी होईल का, तुम्हीच बघा. ती मर्यादा बसवली त्याला दहा वर्षांच्या वर झाली.

लाडकी बहीण मिळतं, माझ्या खात्यावर येतं. ई-केवायसी केली. ते पैसे मी थोरलीच्या क्लासला लावते, घरखर्चात मिसळत नाही. घरात यावरून एकदा बोलणं झालं, पण मी ऐकलं नाही. हप्ता उशिरा आला तर क्लासवाल्या मॅडम थांबतात, त्यांचे उपकार आहेत.

---

शिलाई_पूर्वभाग
१४ डिसेंबर २०२५, रात्री १०:००

महिना झाला, कळवायचं राहिलं होतं.

डबा आणला. गल्लीतल्या चौघी. एकरकमी पैसे कोणाकडेच नव्हते, म्हणून आम्ही तीन आठवडे प्रत्येकी दोनशे काढले, माझ्या शिलाईच्या डब्यात ठेवले. चौघींचे २४०० झाले. किराणा दादांनी सांगितलं तसं आधी विचारलं, किलो की लिटर. पहिल्या दुकानात १५ लिटरचाच होता, दर थोडा कमी, दुसरीकडे १५ किलोचा मिळाला २३४० ला. उरलेल्या साठ रुपयांची रिक्षा केली, नाहीतर डबा आणणार कसा.

वाटणी आमच्या ओट्यावर केली. भाजीवाल्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा अर्ध्या तासासाठी मागून आणला. चौघींनी चार स्टीलचे डबे आणले, आधी मोकळा डबा ठेवून काटा शून्यावर घ्यायचा, मग ओतायचं. पावणेचार किलोवर थांबायचं. थंडीमुळं तेल सावकाश येत होतं, धार बारीक झाली की पत्र्याचा डबा तिरका धरून दोघी उभ्या. शेवटी डब्यात तळाला राहतं ते कोणाचं, यावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अत्तम्मानं डबा घेतला, दुपारच्या उन्हात भिंतीला तिरपा लावून ठेवला, खाली वाटी. संध्याकाळी पाऊण वाटी जमली. ती त्या हात अडकलेल्या माणसाच्या घरी दिली. रिकामा डबा चिठ्ठी काढून एकीला दिला, तिनं ज्वारी भरायला ठेवला.

माझी महिन्याची बचत, रिक्षाचे पंधरा वजा जाता, चाळीसच्या आसपास. कमी वाटेल, पण धाकट्याला एक दिवस अर्धा लिटर दूध होतं त्यात. आणि आता शिलाईच्या डब्यात दोनशे-दोनशे टाकणं थांबवलेलं नाही, फेब्रुवारीच्या ज्वारीसाठी चालू आहे. मंगळवेढ्याच्या दादांना विचारायचं होतं, चार बिऱ्हाडांना मिळून चार क्विंटल लागेल. तुमच्याकडून थेट मिळेल का, आणि टेम्पोचं भाडं किती होईल?

वसुलीचा मुलगा आता साडेपाचला येतो. मराठी कागद अजून आला नाही, दोनदा मागितला. घरमालक मीटरला 'बघू' म्हणालेत.

गिरणीचे काका, थोरलीनं आकडा शोधला. यांनी तो सुताच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून नेला, चहाच्या वेळी वाचला. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यातले दोघं बघायला आले. मालकांशी अजून बोलणं झालेलं नाही. वर्षाच्या दरवाढीची बोलणी असतात तेव्हा तो पुठ्ठा न्यायचा असं ठरलंय.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी
१५ डिसेंबर, सकाळी ६:५०

मिळेल ताई. काढणी-मळणी उरकली की लगेच सांगतो, फेब्रुवारीचा शेवट धरा. आमच्या गावातून टेम्पो रोज सोलापूरला मार्केट यार्डात येतो, वेगळा करायची गरज नाही, पोत्यामागं भाडं घेईल. पोती आमची, ती मात्र परत पाठवा. पाहुण्यांनी पुन्हा पेरलंय. उगवण बरी आहे, अत्तम्मांना सांगा.